कावीळ उतरली, पण...

मंडळी, गेल्या रविवारी नात्यातल्याच एका साखरपुड्याला गेले होते. जेवणाला बुफे होता, पण मी आपली एक खुर्ची धरून बसले. (गुडघे!) समोर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा ताट घेऊन बसला होता. नव्या झब्ब्यावर गळ्यात काड्यांची माळ, पार पोटापर्यंत आलेली. त्याची आई कौतुकानं सांगत होती, "डोक्यावर ठेवली तेव्हा बांगडीएवढी होती. आता बघा कुठवर आली. उतरली हो कावीळ!" आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात एक बँकेतले निवृत्त साहेब आणि एक बी.एस्सी. झालेली सूनबाईही होती. मी विचारलं, "रक्त तपासलंत का?" तर म्हणाल्या, "आता कशाला? डोळे पांढरेशुभ्र झालेत की."

त्यावर मी जे बोलले ते साखरपुड्यात बोलण्यासारखं नव्हतं. माझ्या भाच्यानं मला बाजूला घेतलं, "मावशी, तू जाशील तिथं तास घेतेस." आणि मग ओघानं तोच जुना विषय निघाला, जो आमच्या घरात २०२२ पासून धुमसतोय. "माझं तर तुम्ही रक्तसुद्धा चालवून घेतलं नाहीत."

म्हणून हा लेख. त्या बाई काही माझा ब्लॉग वाचत नाहीत. भाचा वाचतो, प्रतिसाद मात्र देत नाही.

आधी माळेचं बघू. त्या माळेत ओल्या मुळ्यांचे किंवा काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात अडकवलेले असतात. काड्या वाळतात, बारीक होतात, फास सैल पडतात, दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. खुंटीला टांगून ठेवली तरी लांबते, खुंटीला कावीळ नसते. हातावरून कावीळ "धुऊन काढणारे" असतात त्यांचंही तसंच. हाताला आंब्याच्या सालीचा रस लावायचा आणि चुन्याच्या निवळीत हात बुडवायचे, की पाणी पिवळं! आमच्या शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे करून दाखवलं होतं. ज्यांना कधी कावीळ झाली नाही अशा पी.टी.च्या सरांचे हात धुतले, तरी पाणी पिवळंजर्द. पोरं खूप हसली. मी नाही हसले. कारण १९८४ साली माझ्याच मुलाच्या डोक्यावर मी माळ ठेवली होती, आणि तो बरा झाल्यावर निदान दहा घरांना त्या माळवाल्याचा पत्ता दिला होता.

माळवाल्याला यश का येतं हे मला फार उशिरा कळलं. पाण्यातून पसरणारी कावीळ, म्हणजे 'ए' आणि 'ई' विषाणूंची, बहुतेकांची आपोआप बरी होते. यकृताला विश्रांती मिळाली की काही आठवड्यांत पिवळेपणा ओसरतो. "काविळीला डॉक्टरकडे औषधच नाही" असं लोक म्हणतात, त्यात या प्रकारापुरतं तथ्य आहे. ज्या आजारात शंभरातले बहुतेक जण काहीही न करता बरे होतात, त्या आजाराचा वैद्य होणं जगात सगळ्यात सोपं. श्रेय माळेला, आणि एखाद्याचं यकृत निकामी होऊन तो गेलाच, तर "पथ्य पाळलं नाही".

पण मला खरा राग माळेचा नाही. माळ निरुपद्रवी आहे, सुताची आणि काडीची. राग आहे तो "उतरली" या शब्दाचा. पिवळेपणा उतरला म्हणजे आजार उतरला, ही जी आपली पक्की समजूत आहे तिचा. ही समजूत माळ घालणाऱ्यांची आहे, आणि माळेला हसणाऱ्या शिकलेल्यांचीही आहे. बिलिरुबिनचा आकडा खाली आला की फाइल कपाटात. मीही तेच केलं. आता सांगतेच.

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू, म्हणजे माझ्या भाचीचा मुलगा, तेव्हा सतरा वर्षांचा होता. बारावीचं वर्ष. २०२२च्या जूनअखेर त्याला कावीळ झाली. डॉक्टरांनी रीतसर तपासण्या केल्या. एसजीपीटी हजाराच्या वर. ए, बी, सी, ई, सगळ्या विषाणूंच्या तपासण्या केल्या, आणि सगळ्या कोऱ्या! "कुठला तरी व्हायरस असेल" असं सांगून त्यांनी विश्रांती दिली. माळही आणली गेली (कोणी आणली ते लिहीत नाही, घरात आधीच पुरेसं झालंय). जुलै संपता संपता डोळे पांढरे झाले, भूक लागली, एसजीपीटी जवळजवळ जागेवर आलं. पेढे वाटले.

राखीपौर्णिमेला, ११ ऑगस्टला, सगळे माझ्याकडे जमले होते. बहिणीनं राखी बांधताना त्याच्या मनगटाच्या वर निळसर डाग दिसला. मग दंडावर दुसरा. तो म्हणाला, "आजी, दात घासताना रक्त पण येतंय." मी काय म्हणाले असेन? "कावीळ उतरली ना? मग आता अशक्तपणा असणारच. खजूर खा. ब्रश मऊ घे." चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं, आणि मुलानं स्वतः होऊन सांगितलं तेव्हा उत्तर हे!

पुढचे पंधरा-सोळा दिवस बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोहाचं टॉनिक यांत गेले. मग ताप आला. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स नऊ हजार. असायला हव्यात दीड लाखाच्या वर. तर घरात एकच ओरडा, "डेंग्यू!" ऑगस्ट महिना, गल्लीत दोघांना डेंग्यू, त्यामुळे सगळ्यांना खात्रीच. पपईच्या पानांचा रस काढला. डेंग्यूमुळे आपल्याकडे प्लेटलेट हा शब्द आता दूधवाल्यालाही माहीत आहे, ही चांगलीच गोष्ट. पण तो एकाच आजाराला चिकटलाय ही वाईट गोष्ट. त्याच कागदावर, प्लेटलेटच्या आकड्याच्या वर, पांढऱ्या पेशींचा आकडा होता, तोही तळाला. हिमोग्लोबिन सात. तिन्ही खाली. तिकडे कोणी बघितलंच नाही. बघितलं ते तालुक्याच्या एका तरुण डॉक्टरांनी. त्यांनी एकच विचारलं, "याला गेल्या दोन-तीन महिन्यांत कावीळ झाली होती का?" आणि त्याच रात्री पुण्याला पाठवलं.

पुण्यात कमरेच्या हाडातून मगजाचा तुकडा काढून तपासला. अस्थिमज्जा म्हणजे हाडातला मगज, रक्ताच्या सगळ्या पेशी तिथं तयार होतात. याच्या मगजात पेशी जवळजवळ नव्हत्याच, नुसती चरबी. अप्लास्टिक ॲनिमिया. नावात ॲनिमिया आहे, पण हा खजूर-बीटाचा ॲनिमिया नाही. त्यात कच्चा माल कमी पडतो, इथं कारखानाच बंद पडलेला असतो. बंद कारखान्याच्या दारात लोहाच्या गोण्या ओतून काय उपयोग? उलट अशा रुग्णाला वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यातूनच शरीरात नको इतकं लोह साठतं.

मला हे कळेना की कावीळ यकृताची आणि हाडाचा त्याच्याशी संबंध काय. तिथल्या एका डॉक्टरबाईंनी मला, अगदी शाळेतल्या मुलीला समजवावं तसं, कागदावर काढून दाखवलं. (वयाच्या बहात्तराव्या वर्षी पुन्हा पहिल्या बाकावर बसायला मिळालं.) जंतू मारायला शरीरात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या टी-पेशी यकृतातल्या लढाईत खवळतात. लढाई संपते, यकृत सावरतं, पण त्या खवळलेल्या पेशी घरी परतत नाहीत. त्या हाडाच्या मगजात शिरून रक्ताच्या मूळपेशींनाच शत्रू समजून मारत सुटतात. म्हणून हे सगळं काविळीत होत नाही, काविळीनंतर होतं. बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांपर्यंत. यकृताचे आकडे तोवर सुधारलेले असतात. आणि कावीळ सौम्य होती म्हणून मगज वाचेल, असंही काही नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, प्लेटलेट्स आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या मुख्य पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस. म्हणजे कारखाना बंद पडला की आधी काय संपणार? फिकटपणा सगळ्यात शेवटी येतो. आधी निळे डाग, हिरड्यांतून रक्त, ताप. आम्ही मात्र रोज त्याच्या पापण्या खाली ओढून "लाली आहे की" म्हणत होतो. कावीळ डोळ्यांत बघायची सवय लागलेली, तर हेही डोळ्यांतच बघत बसलो.

नंतर घरी येऊन मी नातवाला बसवून इंटरनेटवर खूप वाचलं. अप्लास्टिक ॲनिमियाचं पहिलं वर्णन पॉल एर्लिखनं १८८८ साली केलं, एका तरुण गरोदर बाईचं. काविळीनंतर मगज निकामी झाल्याची पहिली नोंद १९५५ची, लॉरेन्झ आणि क्वायझर यांची. योगायोग बघा, त्याच १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा तो विषाणू कोणता हे कोणालाच माहीत नव्हतं. साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी ठरलं की तो आज ज्याला 'ई' म्हणतात तो. 'बी'चा धागा सापडला १९६५ला, 'सी' सापडला १९८९ला. मधल्या काळात तपासण्या कोऱ्या येत होत्या म्हणून काय लोकांना कावीळ झाली नव्हती? आमच्या मुलाच्या ए, बी, सी, ई तपासण्या कोऱ्या आल्या, आणि मगज बंद पाडणाऱ्या काविळीत बहुतेक वेळा त्या कोऱ्याच येतात. १९९७ साली अमेरिकेत नील यंग यांच्या गटानं अशा दहा रुग्णांचा अभ्यास छापला, त्यांच्यातही नेहमीचे विषाणू सापडले नव्हते. त्याआधी १९८८मध्ये आणखी एक निरीक्षण आलं होतं. 'ए'ही नाही आणि 'बी'ही नाही अशा काविळीनं यकृत गेलं म्हणून ज्या ३२ जणांचं यकृत बदललं, त्यांतल्या ९ जणांचा मगज पुढे बंद पडला. म्हणजे नवं कोरं यकृत बसवलं तरी खवळलेल्या पेशी थांबल्या नाहीत.

हे सगळं मी का सांगतेय? कारण आमच्या घरात दोन माणसांवर अन्याय झाला. पहिली माझी भाची. "बाहेरची पाणीपुरी खाऊ दिलीस", "पाणी उकळत नव्हतीस", असं तिला येता-जाता ऐकवलं गेलं, मुलगा आयसीयूत असताना! पाणी उकळून प्या हे मी सगळ्यांना सांगते, सांगतच राहीन. २०१२ला इचलकरंजीत पाण्यातून कावीळ पसरली आणि माणसं गेली, ते आपण विसरलोही. पण या मुलाची तपासणी 'ए' आणि 'ई'ला कोरी होती. त्याच्या आईच्या हंड्यात काही सापडलेलं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी तिला ते ऐकवलं त्यांनी तिची माफी मागायला हवी. मी मागितली आहे. आणि खजूर खा म्हणून मी सांगितलं होतं, याबद्दल तिनं मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही.

दुसरा तू. हो, भाचेबुवा, तुझ्याबद्दलच लिहितेय.

तू त्या दिवशी गावाहून अकरा जणांना जीपमध्ये घालून पहाटे पुण्यात हजर झालास. सख्खा मामा, चुलते, आतेभाऊ, सगळे बाह्या वर करून तयार. आणि डॉक्टर म्हणाले, "घरच्यांचं रक्त नको." तू सगळ्यांसमोर उभा होतास आणि तुझा चेहरा मला अजून आठवतो. "रक्ताच्या नात्याचं रक्त नको, आणि परक्याचं चालतं?" म्हणून तू जीप काढून गेलास. त्या वेळी तुला कोणी धड समजावून सांगितलं नाही ही त्यांचीही चूक आणि आमचीही. आज सांगते.

या आजारात तरुण रुग्णाला बरं करण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे सख्ख्या भावंडाचा मगज. पण त्यासाठी भावंडाशी ऊतींची जुळणी व्हावी लागते, तिला एचएलए म्हणतात. प्रत्येक मूल निम्मी जुळणी आईकडून घेतं, निम्मी बापाकडून, त्यामुळे एका भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आणि आमच्याकडे भावंड होतं एकच! आता, मगज बसवण्याआधीच घरच्या माणसांचं रक्त त्याच्या अंगात गेलं, तर त्याचं शरीर त्या घराण्याच्या पेशींची खूण ओळखून ठेवतं आणि नंतर त्याच घरातून आलेला मगज परका म्हणून झिडकारण्याचा धोका वाढतो. परक्याचं रक्त चालतं ते याचसाठी की त्याचा मगज कोणी बसवणार नसतं. तेही कमीत कमी, पांढऱ्या पेशी गाळून आणि किरणं देऊन. म्हणजे तुझं रक्त हलकं होतं म्हणून नाकारलं नाही रे. ते फार जवळचं होतं म्हणून नाकारलं. तू त्याच दिवशी रक्तपेढीत इतरांसाठी रक्त दिलं असतंस तर त्यांनी आनंदानं घेतलं असतं, आणि आपल्याला मिळालेल्या परक्यांच्या बाटल्यांची तेवढी परतफेड झाली असती.

बहिणीचं जुळलं. नोव्हेंबरमध्ये तिच्या कमरेच्या हाडातून मगज काढून त्याला दिला. भारतात हे पहिल्यांदा १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झालं होतं, तेव्हा मी माळा वाटत फिरत होते. भाचीचं घर गहाण पडलं, अजून सुटायचंय. पोरगा आज कॉलेजात आहे, केस पुन्हा दाट आले आहेत आणि आजीला उलट उत्तरं देतो. ज्यांना जुळणारं भावंड नाही त्यांना घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेलं एटीजी आणि सोबत सायक्लोस्पोरिन देतात. त्यानं त्या खवळलेल्या टी-पेशी दबतात आणि पुष्कळांचा मगज हळूहळू पुन्हा काम करू लागतो. अलीकडे त्याला एल्ट्रोम्बोपॅग या गोळीची जोड मिळाली आहे. बाहेरचा दाता शोधायला 'दात्री'सारख्या नोंदवह्या आहेत. आपल्या घरातल्या अठरा ते पन्नास वयाच्या एकानं तरी तिथं नाव घातलंय का, हे विचारायचं राहून गेलं, आता विचारते.

माझ्या एका डॉक्टर वाचकांनी मागं निरोप पाठवला होता की, "बाई, हा आजार फार दुर्मिळ आहे, लोकांना घाबरवू नका." बरोबर आहे त्यांचं. पाश्चात्त्य देशांत अप्लास्टिक ॲनिमिया वर्षाला दहा लाखांत दोघांना होतो, आशियात त्याच्या दोन-तीन पट. त्यांतही काविळीनंतरचा म्हणजे शंभरातले दोन ते पाच, पूर्वेकडे थोडे जास्त. काविळीच्या प्रत्येक मुलाचा मगज जाणार असं मी कुठंही म्हणत नाही. पण डॉक्टरसाहेब, दुर्मिळ हा शब्द तुमच्या ओपीडीसाठी आहे. ज्या घरात तो येतो त्या घरात तो शंभर टक्के असतो. उपचार मिळाले नाहीत तर हा आजार बहुतेकांना नेतो आणि फार वाट बघत नाही. सीबीसीला दोन-तीनशे रुपये पडतात. माळेला किती पडतात ते त्या साखरपुड्यातल्या बाईंना विचारलं, तर "दक्षिणा इच्छेनुसार, पण पाचशेच्या खाली कोणी देत नाही" म्हणाल्या!

माझं म्हणणं एवढंच (आणि हे माझं, एका बी.ए. झालेल्या म्हातारीचं म्हणणं, डॉक्टरांचा नियम नव्हे) की कावीळ "उतरल्यावर" दीड-दोन महिन्यांनी एकदा सीबीसी करून घ्या, विशेषतः मुलगा वयात आलेला असेल आणि विषाणूच्या तपासण्या कोऱ्या आल्या असतील तर. हा आजार जास्त करून तरुण मुलांनाच गाठतो. सहा महिन्यांत कधीही न लागता निळे डाग उठले, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, ताप हटेना, तर त्याच दिवशी. आणि जाताना काविळीचे जुने कागद घेऊन जा, कारण समोरच्या डॉक्टरला कळणार नाही की दोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं. आमच्याकडे त्यांनी विचारलं म्हणून. न विचारणारेही असतात. तुम्हीच सांगा.

भाच्या, प्रतिसाद नको देऊस हवं तर. दिवाळीला मात्र ये, मुलगा तुझी आठवण काढतो.

त्या बाईंचा नंबर मी मुलीकडच्यांकडून मिळवला. काल फोन केला. "करते हो मावशी, परीक्षा झाली की करते," म्हणाल्या. परीक्षा शुक्रवारी संपतेय. शनिवारी सकाळी पुन्हा फोन करणार आहे.